लांडगा वाड्यातच जन्मला

भुताखेताच्या सिनेमावर लिहितोय म्हणून आपल्यातले काही जण नाक मुरडतील. गायरानाचा प्रश्न पडलाय, शिष्यवृत्त्या अडकल्यात, ॲट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षं कोर्टात कुजतायत, आणि हा कुठं लांडग्याच्या मागं लागला, असं म्हणतील. म्हणू द्या. आपल्या व्याख्यानाला पंचवीस डोकी जमतात, त्यातली दहा चहाला आलेली असतात. सिनेमा मात्र गिरणीतली अख्खी पाळी झोप मोडून मोबाईलवर बघते. मग त्या सिनेमातून तिच्या डोक्यात काय भरलं जातं हे तपासायचं कुणी? समीक्षक तपासत नाहीत. त्यांना कॅमेऱ्याचे कोन बघायचे असतात.

सिनेमाचं नाव 'द कर्स ऑफ द वेअरवुल्फ'. म्हणजे लांडगा-माणसाचा शाप. इंग्लंडातल्या हॅमर कंपनीनं १९६१ साली काढला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर. नायक ऑलिव्हर रीड, त्याचं हे पहिलंच मोठं काम. पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो ही युरोपातली जुनी लोककथा, तिच्यावर तिकडं ढीगभर सिनेमे निघालेत. ह्याच्यात भीती आहे, प्रेम आहे, शेवटी चांदीची गोळी आहे. पण मी तीनदा बघितला तो त्यासाठी नव्हे. हा सिनेमा जन्मावर आहे. माणूस जन्मानंच वाईट असतो का, ह्यावर आहे. आणि ह्या प्रश्नावर बोलायचा आपल्याइतका हक्क जगात फार थोड्यांना असेल.

गोष्ट नीट सांगतो, कारण ग्यानबाची मेख गोष्टीतच आहे.

अठराव्या शतकातला स्पेन. एक भिकारी गावात येतो. घंटा वाजतायत, पण वार रविवार नाही. गुत्त्यात बसलेले गावकरी कुरकुरत सांगतात की आज मार्केसचं, म्हणजे गावच्या जहागीरदाराचं लग्न आहे आणि त्याचा खर्च आमच्या खिशातून काढलाय. भीक पाहिजे तर वाड्यावर जा. हा वाड्यावर जातो. लांबलचक टेबल, त्याच्यावर खाण्याची रास, भोवती नटलेले पाहुणे, आणि मधे हा फाटका माणूस. मार्केस त्याला कुत्र्यासारखं याचना करायला लावतो. दारू पाजतो. नाचवतो. पाहुणे पोट धरून हसतात. मग नाणी मोजून त्याला विकत घेतो आणि नव्या नवरीला पाळीव जनावर म्हणून बहाल करतो. रात्री नवरा-नवरी खोलीकडं निघाल्यावर हा भिकारी दारूच्या भरात काहीतरी शुभेच्छा बोलून जातो. तेवढ्यावरून मार्केस त्याला तळघरातल्या कोठडीत टाकतो.

आणि विसरतो.

सगळ्या सिनेमात मला ह्या विसरण्याचीच जास्त भीती वाटली. मार्केसला त्या भिकाऱ्याचा राग नाही. द्वेष नाही. राग धरायला समोरचा माणूस वाटावा लागतो. वर्षं जातात, बायको मरते, मार्केस म्हातारा होतो, त्याच्या तोंडाची कातडी सोलवटून निघते, पण खाली कोठडीत एक माणूस आहे हे त्याच्या ध्यानीमनी नाही. कोठडीतल्याच्या अंगावर केस माजतात, बोलणं जातं, माणूसपण झडत जातं. तुरुंगवाल्याची मुकी पोरगी तेवढी त्याला भाकरतुकडा देते. ती पोरगी मोठी होते, वाड्यात कामाला लागते. मार्केस तिच्या अंगाला हात घालायला जातो, ती चावते. शिक्षा म्हणून तिलाही त्याच कोठडीत ढकलतात. जिनं लहानपणापासून खाऊ घातलं तिच्यावरच तो जनावर झालेला माणूस झडप घालतो, आणि मरतो. पोरीला बाहेर काढून परत मार्केसच्या खोलीत पाठवतात. ती त्याला भोसकून ठार करते आणि रानात पळून जाते. डॉन अल्फ्रेडो नावाच्या एका सज्जन विद्वानाला ती सापडते, तो तिला घरी नेतो. तिला दिवस गेलेले असतात. मूल होतं आणि ती मरते. ते मूल म्हणजे आपला नायक लिओन.

आता प्रेक्षकांचं ऐका. ह्या सिनेमाबद्दल जो तो एकच तक्रार करतो, की सुरुवात फार लांबली. नायकच अर्धा सिनेमा सरत आला तरी दिसत नाही, आणि लांडग्याचं पुरतं रूप बघायला शेवटची दहा-एक मिनिटं उजाडावी लागतात. भयपटाचे शौकीन त्या शेवटच्या मिनिटांवर आणि रॉय ॲश्टननं केलेल्या रंगभूषेवर फिदा असतात. आधीचं सगळं म्हणजे त्यांच्या लेखी वाट बघणं. आमच्या सूतगिरणीतल्या दोस्तांनाही मी रविवारी खोलीवर हा सिनेमा दाखवला, सबटायटल अडलं की मराठीत सांगत. दर पाच मिनिटाला एकच प्रश्न, "लांडगा कधी येतो रे?" मी म्हटलं, आलाय की. "कुठाय?" तो काय टेबलाच्या मधोमध बसून हसतोय. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

शेजारच्या मावशी दारात बसून विड्या वळता वळता बघत होत्या. पोरीनं मार्केसला भोसकलं तेव्हा त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "बरं केलं. आता पुढं तिचं काय होतंय?" मी म्हटलं, मरती ती, बाळंतपणात. "मग राहिलंच काय बघायला?" म्हणून सूप उचलून त्या घरात गेल्या. इतक्या नेमक्या शब्दांत ह्या सिनेमाची समीक्षा मी अजून कुठं वाचलेली नाही.

कारण खरोखरच तिथून सिनेमा आपली जीभ फिरवतो. पहिल्या भागात त्यानं आपल्याला डोळ्यांनी दाखवलं की जनावर कसं तयार होतं: मेजवानीत, कोठडीत, मालकाच्या खोलीत. आणि मूल जन्मल्याबरोबर म्हणतो, ते सगळं सोडा, खरं कारण वेगळंच आहे. अल्फ्रेडोच्या घरची तेरेसा सांगते की नको असलेलं मूल नाताळच्या दिवशी जन्माला येणं हा देवाचा अपमान असतो. बाप्तिस्म्याच्या वेळी पात्रातलं पाणी खवळतं. पुढं पाद्री शास्त्र सांगतो की असल्या शरीरात माणसाचा आत्मा आणि पशूचा आत्मा झगडत असतात, दुर्गुणांनी पशू बळावतो, प्रेमानं दबतो. झालं! मार्केस सुटला. वाडा सुटला. गावच्या पैशावर झालेलं लग्न सुटलं. दोष कशाचा, तर तारखेचा. जन्माचा.

तारीख कुठली? २५ डिसेंबर. आपल्याला ही तारीख कुणी शिकवायला नको. १९२७ साली महाडला ह्याच तारखेला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली गेली. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारं पुस्तक ज्या दिवशी आपण आगीत टाकलं, त्याच दिवशी जन्मलं म्हणून ह्या सिनेमातलं पोर शापित ठरतं. योगायोग आहे, मला मान्य. लंडनच्या लेखकाला महाड ठाऊक असायचं कारण नाही. पण तेरेसाचं ते वाक्य ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर चवदार तळं आलं त्याला मी काय करू?

ह्याहून मोठी भानगड पुढं आहे. सिनेमा एका कादंबरीवर बेतलाय. गाय एंडोर (नावावर हसू नका) ह्या अमेरिकन लेखकाची 'द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस', १९३३ सालची. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती चार महिन्यांत वाचली. कादंबरीत मोलकरणीवर जबरदस्ती करणारा भिकारी नाहीच. तो पाद्री आहे. पितामों नावाचा, देवाचा माणूस. सिनेमावाल्यांनी पाद्र्याला अलगद उचललं आणि त्याच्या जागी भिकाऱ्याला बसवलं. म्हणजे कागदावर जे पाप धर्माच्या ठेकेदाराचं होतं, ते पडद्यावर येईस्तोवर अन्नाला मोताद झालेल्याच्या माथी आलं. आणि पाद्री? तो आता शहाणा, प्रेमळ, सल्ला देणारा झालाय. एवढी सफाईदार अदलाबदल आपल्या पुराणकारांनाही जमली नसती. नाही, त्यांना जमली असती. त्यांना सराव आहे.

दुसरी अदलाबदल जागेची. कादंबरीचा मोठा भाग घडतो १८७१ च्या पॅरिसमधे, जिथं कामगारांनी कम्यून उभारून सत्तर-बहात्तर दिवस शहर स्वतः चालवलं. मग सरकारी फौज आत शिरली आणि एका आठवड्यात हजारोंची कत्तल झाली. एंडोर तिथं विचारायला लावतो की एका लांडगा-माणसानं मारलेली चार-दोन माणसं जास्त, का शहाण्यासुरत्या सरकारनं रीतसर मारलेली हजारो? सिनेमात ह्यातलं काहीच उरलं नाही. हॅमरनं स्पेनच्या धर्मन्यायालयावर एक सिनेमा काढायचा म्हणून सेट उभे केले होते, तो बेत रद्द झाला, आणि उभे सेट वाया जाऊ नयेत म्हणून पॅरिसची गोष्ट स्पेनला हलवली. लाकूडफाटा वाचला, कामगारांचं राज्य गेलं. मालकाचा हिशोब असाच असतो, आम्ही रोज बघतो.

१८७१ वर थोडं आणखी थांबतो. ज्या साली पॅरिसमधे कम्यून झाली त्याच साली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. काही जमाती जन्मानंच चोर-दरोडेखोर, असं सरकारी शाईनं लिहिलं. पुढं तो कायदा आपल्या मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात राहणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. इथल्या एका भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. तारेच्या कुंपणात माणसं डांबायची, हजेरी घ्यायची, आणि दिवसा गिरण्यांत कामाला जुंपायची. त्या जुन्या गिरण्या बंद पडल्या, कायदा १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कुठल्या वस्तीत जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सिनेमात लहानग्या लिओनच्या खिडकीला अल्फ्रेडो गज बसवतो, तेव्हा इंग्लंडच्या प्रेक्षकाला ती बापाची माया दिसली असेल. मला कुंपण दिसलं. माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. अल्फ्रेडो खरंच चांगला आहे. चांगल्या माणसांनी प्रेमानं बसवलेले गजसुद्धा गजच असतात एवढंच.

आता प्रेमाकडं येतो, कारण ह्या सिनेमाचे चाहते सगळ्यात जास्त त्याच्यावर हळहळतात. लिओन मोठा होऊन घर सोडतो आणि डॉन फर्नांडो नावाच्या दारूवाल्या मालकाकडं कामाला लागतो. तळघरात बसून बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या. सोबत होसे नावाचा कामगार. मालकाची मुलगी क्रिस्तिना, तिचं लग्न बापानं एका बड्या घरच्या तरुणाशी ठरवलेलं. दोघं प्रेमात पडतात. पौर्णिमेच्या एका रात्री ती लिओनच्या उशाशी बसून राहते आणि त्या रात्री त्याचा लांडगा होत नाही. कामगाराला मालकाच्या पोरीनं जवळ केलं तर त्याच्यातलं जनावर शांत होतं! हे बघून आमच्या खोलीतली दोन पोरं अगदी विरघळली. त्यांची नावं सांगत नाही, त्यांचीही प्रकरणं चालू आहेत.

मी ह्या प्रेमाची टिंगल करणार नाही. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जात मोडायचा खरा उपाय सांगितला. पण त्याच पुस्तकात त्यांनी पुढं विचारलं की लोक असे विवाह का करत नाहीत? आणि उत्तर दिलं की शास्त्रं पवित्र आहेत ही समजूत डोक्यात घट्ट बसलीय म्हणून, तेव्हा आधी तिच्यावर घाव घाला. सिनेमानं पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा टाकून दिला. त्याला क्रिस्तिनाचा हात पाहिजे, पण पाद्र्याचं शास्त्र जागच्या जागी राहिलं पाहिजे. मग व्हायचं तेच होतं. दोघं पळून जायच्या आधीच लिओनला पकडतात. तुरुंगात तो हात जोडून सांगतो की मला मारून टाका, रात्र पडायच्या आत मारा. पाद्री आणि अल्फ्रेडो गयावया करतात. नगरप्रमुखाला खरं वाटत नाही. चंद्र उगवतो.

ऑलिव्हर रीडनं इथं काम केलंय त्याला तोड नाही. नावं पडद्यावर येतात तेव्हा मागं लांडग्याचे लालबुंद डोळे दिसत राहतात आणि त्यांतून पाणी वाहतं. भयपटाची सुरुवात जनावराच्या रडण्यानं करायची ही फिशरची धमक आहे, ती मी नाकारत नाही. म्हणून तर चीड येते. ज्याला एवढं कळलं होतं त्यानं पुढं हात का आखडला?

आपल्या काही तरुण कवी मित्रांनी हा सिनेमा बघून लांडग्याच्या कविता लिहायला घेतल्यात. आम्ही लांडगे, तुमच्या वाड्यांवर चालून येऊ, वगैरे. दोस्तांनो, सिनेमा परत एकदा बघा आणि ह्या लांडग्यानं कुणाकुणाला मारलं त्याची यादी करा. शेळ्या. पोटासाठी शरीर विकणारी एक बाई. होसे, त्याच्या शेजारी बसून चिठ्ठ्या चिकटवणारा त्याचा दोस्त. कोठडीतला एक म्हातारा दारुडा. एक पहारेकरी. वाड्यातलं एक माणूस ह्या यादीत नाही. मालक नाही, मालकाचा होणारा जावई नाही, नगरप्रमुख नाही. आंधळा राग कुणाला खातो ते पगाराच्या रात्री कुठल्याही वस्तीत जाऊन बघा, बायकापोरांच्या अंगावर वळ दिसतील. मार्केसला मारलं ते फक्त त्या मुक्या पोरीनं. तिचा लांडगा झालेला नव्हता. ती शुद्धीवर होती, तिचा हात माणसाचा होता आणि त्याला नेमकं कुणाला मारायचं ते ठाऊक होतं. कविता करायचीच तर तिच्यावर करा. सिनेमानं तिला साधं नावसुद्धा दिलेलं नाही, श्रेयनामावलीत ती नुसती 'नोकर मुलगी'. बापाच्या जागी बसवलेला तो 'भिकारी'. मार्केसला मात्र नाव आहे.

आणखी एक. आमच्याकडं माळावर, नान्नजच्या बाजूला, खरे लांडगे आहेत. धनगर त्यांच्यावर चिडतात, काठी घेऊन धावतात, पण लांडगा शापित आहे असं कुणी धनगर म्हणत नाही. भूक लागली की येतो, म्हणतात.

१९६१ च्या इंग्लंडात ह्या सिनेमाचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. सेन्सॉरनं 'एक्स' सर्टिफिकेट चिकटवलं आणि वर कात्री चालवली. भय आणि वासना एकत्र नको, हा त्यांचा आक्षेप. कोठडीतल्या प्रसंगाला कात्री लागली, आणि मुकी मार्केसला भोसकते तिथंही लागली. मालकाचा वध डोळे भरून बघायला मिळू नये हा हेतू होता असं मी म्हणणार नाही, पण परिणाम तोच झाला. कापलेले तुकडे पुष्कळ वर्षांनी परत जोडले गेले. धंदा बेताचाच झाला. हॅमरनं ड्रॅक्युला पुन्हा पुन्हा थडग्यातून उठवला, लांडगा-माणूस मात्र परत कधी काढला नाही. लोकांना ड्रॅक्युला परवडतो. तो स्वतःच सरदार आहे, दुरून येतो, मेला की गाव सुटतं. लांडग्याच्या गोष्टीत वाडा गावातलाच असतो.

आपल्याकडची तऱ्हा सांगून थांबतो. १९७९ साली 'जानी दुश्मन' आला. लाल शालूतल्या नवऱ्या डोलीतून गायब होतात आणि शेवटी कळतं की राक्षस म्हणजे दुसरा कुणी नाही, गावचा ठाकूरच. संजीव कुमार. केवढी मोठी गोष्ट हातात आली होती! गावातल्या बायका पळवणारा ठाकूर, हे काय भुताटकीचं कथानक आहे? पण नाही. ठाकूर बिचारा निर्दोष, त्याच्या अंगात कुणा मेलेल्याचं भूत शिरलेलं. तिकडं पाद्र्याच्या शास्त्रानं मार्केसला सोडवलं, इकडं भुतानं ठाकुराला.

शेवटी गाव मशाली घेऊन लिओनच्या मागं लागतं. तो चर्चच्या घंटाघरात चढतो. अल्फ्रेडो, ज्यानं त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, तोच त्याला गोळी घालतो. गोळी चांदीची, क्रूस वितळवून ओतलेली. मग अंगावरचा डगला काढून प्रेतावर पांघरतो. खाली क्रिस्तिना रडतेय. गावकरी वर बघतायत. हेच गाव होतं, ज्याच्या खिशातून मार्केसच्या लग्नाचा खर्च निघाला होता. त्या वाड्याचं पुढं काय झालं, आता तिथं कोण राहतं, गाव कुणाला पट्टी भरतं, ह्यावर सिनेमात अक्षर नाही. मशाली घेऊन त्या दिशेला कुणी गेल्याचं दिसत नाही.

येत्या २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम आटोपल्यावर वस्तीतल्या वाचनालयात हा सिनेमा दाखवायचा विचार आहे. न कापलेला. मुकी रानात पळून जाते तिथं थांबवायचा आणि पुढं काय व्हायला पाहिजे होतं ह्यावर तासभर बोलायचं, मग उरलेला बघायचा. विड्या वळणाऱ्या बायकांना पुढच्या सतरंजीवर जागा ठेवायची आहे. मोबाईलवर भागणार नाही. ज्याच्याकडं प्रोजेक्टर असेल त्यानं आठ दिवस आधी कळवावं. पांढरी चादर आम्ही गिरणीतून आणतो.